गुरम्माच्या कोठीतली अकरा नावं

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बोरतळात सकाळ उरलीच नव्हती. कोंबडं आरवायचं आणि लगेच दुपार लागायची. सात वाजता वारा सुटायचा तो भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा. शाळेच्या पत्र्यावर धूळ सळसळायची आणि खाली, स्वयंपाकाच्या खोलीपुढं, गुरम्मा खिचडीचा गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, राखेनं घासत बसलेली असायची. आधी कोरडी राख, मग गोणपाटाचा तुकडा, आणि शेवटी तांब्याभर पाण्यात हात बुडवून ते हात तेवढे गंजावरून फिरवायचे. आपल्याला धुतलंय असं गंजाला वाटावं, एवढ्यापुरतं. उरलेलं गढूळ पाणी कडुलिंबाच्या बुडाला.

शाळेला सुट्टी होती. मास्तर लोक आपापल्या गावी गेले होते. पण दुष्काळी भागात सुट्टीतही लेकरांना खिचडी द्यायची असा हुकूम आला होता, त्यामुळं शाळा बंद आणि चूल चालू. शिकवणं थांबलं तरी काही अडत नाही, हे बोरतळाला आधीपासून माहीत होतं. त्या वर्षी ते सरकारनंही मान्य केलं.

बोरतळ उदगीरपासून बावीस किलोमीटर. ओढ्याच्या अलीकडं लातूर जिल्हा, पलीकडं नांदेड. दोन्ही जिल्ह्यांनी गाव दुसऱ्याचं समजून सोडून दिलेलं. तिकडं लातुरात रेल्वेनं पाणी येत होतं, पेपरात इंजिनाला हार घातलेला फोटो होता. बोरतळात मात्र एक दिवसाआड एक टँकर यायचा. तो आधी शाळेच्या टाकीवर थांबणार की आडतीपुढं, हे आडतवाल्या अमृतरावआप्पांच्या फोनवर ठरायचं.

गुरम्मा या शाळेत चौदा वर्षांपासून खिचडी शिजवत होती. वय विचारलं तर म्हणायची, "कागदावरचं सांगू का खरं?" कारण कागदावर ती नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. माहेर कर्नाटकातल्या भालकीकडचं, म्हणून गाव तिला मावशी-काकू न म्हणता अव्वा म्हणायचं. कनवटीला तांदळाच्या कोठीची चावी, गळ्यात शिवदोरा, त्यात कापडात गुंडाळलेलं लिंग. ते तिनं कधी कुणाला उघडून दाखवलं नाही, दाखवायचं नसतंच. पूजा तळहातावर, तोंड भिंतीकडं. गावातली टवाळ माणसं म्हणायची, अव्वा सकाळी लिंगाची पूजा करती आन् दिवसभर चावीची.

तिची मापायची एक रीत होती. मापटं भरताना पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. जितकी डोकी तितकंच माप, वर मूठभरही नाही. एकदा सरपंचाच्या घरच्या बारशाला दोन मापटी तांदूळ कमी पडले म्हणून माणूस आला. गुरम्मानं त्याला तीन गोष्टी विचारल्या: किती जणांला, कशासाठी, आणि कुणाच्या सहीनं. माणूस दुकानातून विकत घेऊन गेला.

ह्या रीतीमुळंच पुढचं सगळं घडलं.

झालं असं की फेब्रुवारीत वरून एक परिपत्रक आलं. मुख्याध्यापक शेषेराव सरांनी ते व्हरांड्यात सगळ्या गुरुजींना वाचून दाखवलं. विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती, म्हणजे जन्मतारीख, जात, पालकांचा फोन, आरोग्याच्या नोंदी, कुणाही त्रयस्थ माणसाला लेखी आदेशाशिवाय द्यायची नाही. दाखलखारीज रजिस्टर आणि बाकीच्या वह्या कुलपात ठेवायच्या. एक जबाबदार व्यक्ती नेमायची आणि तिची सही घ्यायची. त्याच दिवशी सरांच्या मोबाइलवर दुसरा निरोप आला की सगळ्या विद्यार्थ्यांची सगळी माहिती फोटोसकट संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाका. सरांनी दुसऱ्याचं पालन दुपारी केलं आणि पहिल्याकडं वळले.

"आपल्याकडं कुलूप कुठं हाय?" सरांनी विचारलं.

हापिसातल्या कपाटाचं दार तारेनं बांधलेलं होतं. संगणकाच्या खोलीला कुलूप होतं, पण चावी हरवलेली. तीन वर्षांपासून संगणक आत अगदी सुरक्षित होता. धड कुलूप आणि धड चावी एकट्या कोठीला.

गुरम्मा मिठाचं सांगायला आली होती. दारातूनच म्हणाली, "तांदळाला कुलूप आन् लेकरांला न्हाई? असं कसं वो सर?"

"मग तुमीच ठेवा की अव्वा," व्यंकट गुरुजी पटकन म्हणाले. त्यांच्या एकट्याच्याच नव्हे, चारही गुरुजींच्या जिवावरचा धोंडा उतरला. कारण जबाबदार व्यक्ती या रकान्यापुढं सही करायला कुणीच तयार नव्हतं. एकाला मतदार यादीचं काम होतं, एकाला बीपी होता, एकाची बदली होणार होती, आणि व्यंकट गुरुजींना नुसतीच भीती वाटत होती. गुरम्मानं साक्षरता वर्गात शिकलेली सही केली. तिला तेवढीच तीन अक्षरं येत होती.

"वाचता येत न्हाई तेच बरं," सर हसून म्हणाले, "फुटायची भीती न्हाई."

"पण बाहेर द्यायचं कव्हा?"

"कुणी लेखी कागद आणला तर. ते बी कामापुरतं."

"म्हंजे तांदळावानीच."

"हाव बाई, तांदळावानीच समजा." सरांना जेवायला जायचं होतं.

ती तसंच समजली. रजिस्टर आणि वह्या पत्र्याच्या पेटीत घालून तिनं डाळीच्या पोत्यामागं ठेवल्या, उंदराला लागू नये म्हणून वर कडुलिंबाचा पाला टाकला. शासनाचा नियम जिल्ह्यातल्या किती शाळांत पाळला गेला सांगता येत नाही, पण बोरतळात तो एका खिचडीवालीनं पाळला, आणि तोही सरांनी जेवायच्या घाईत बोललेल्या एका शब्दावर.

गावाला यात हसण्यासारखं दुसरंच होतं. गुरम्मा झोपेत बोलते, हे सगळ्यांना माहीत होतं. लहानपणी निलंग्याचं चांगलं स्थळ तिच्या मामीनं विहिरीवर सहज बोलून घालवलं होतं: "पोरगी गुणाची हाय, निस्ती झोपंत बडबडती." मग ती मडिवाळप्पाला दिली. मडिवाळप्पाला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. बहिऱ्याला झोपेत बोलणारी काय आन् जागेपणी बोलणारी काय, असं म्हणून दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी अक्षता टाकल्या, आणि संसार नीट झाला. तर झोपेत बोलणाऱ्या बाईकडं लेकरांची गुपितं ठेवली म्हणून व्हरांड्यात फार दिवस हसणं चाललं. गुरम्मा हसली नाही. उन्हाळ्यात सगळं गाव अंगणात बाजा टाकतं. त्या वर्षी ती आत दार लावून झोपायला लागली. मडिवाळप्पा बाहेरून ओरडायचा, "मरशील उकडून!" ती म्हणायची, "मरू दे." ते त्याला ऐकू जायचं नाही.

वाचता येत नव्हतं तरी एका वहीत काय आहे ते तिला पाठ होतं. फेब्रुवारीतच डॉक्टरांची गाडी आली होती. कडुलिंबाखाली खुर्ची टाकून तपासणी झाली. सुईला, नळीला लेकरं भ्यायची, म्हणून प्रत्येकाचा हात धरून गुरम्मा शेजारी बसली होती. अकरा लेकरांपुढं डॉक्टरीण बाईंनी लाल शाईनं लिहिलं. कुणाला कमी दिसत होतं, कुणाच्या छातीत आवाज होता, कुणाच्या अंगात रक्त नव्हतं. आणि सिंधूला फेफरं होतं.

सिंधू चौथीत. आजीचं नाव ठेवलेली, बारकी, बडबडी. तिची आई तारामती त्या दिवशी संध्याकाळी कोठीच्या दारात येऊन बसली होती. "अव्वा, थोरलीचं मुरुडला जमलंय. वैशाखातली तारीख हाय. घरात फेफऱ्याचं हाय मनून कळलं तर ते लोक दारातूनच परत जातेत. गोळ्या मी घरात ठेवीत न्हाई, पाव्हणेरावळे येतेत. तुमी ठेवा."

तेव्हापासून गोळ्यांची पट्टी हळदीच्या डब्यात होती. रोज पंगत उठली की सिंधू हात धुवायच्या निमित्तानं मागं यायची. गुरम्मा गोळी द्यायची, वर पाण्याचा घोट. गोळी हळदीनं पिवळी झालेली असायची. "कडू हाय," सिंधू म्हणायची. "मग काय, पेढा देऊ का?" गुरम्मा म्हणायची. झालं.

त्या मे महिन्यात अमृतरावआप्पा दुपारी शाळेत आले. आप्पांची आडत, वर नवजिल्हा कृती समितीचं अध्यक्षपद. उदगीर जिल्हा होणार, अशी आवई दर दोन वर्षांनी उठायची, तशी पुन्हा उठली होती. मंत्री येणार होते, निवेदन द्यायचं होतं. आप्पा कडुलिंबाखाली टेकले, उपरण्यानं वारा घेतला.

"गुरम्मा, काय चाललंय?"

"तांदूळ निवडून राहिले आप्पा. पाणी देऊ का? अर्धा पेला हाय."

"ठिऊ दे. ऐक. जिल्हा झाला की मोठा दवाखाना येतो. आमी निवेदनात दाखवणार, बगा आमची लेकरं कशी आजारी हायेत. फ्लेक्स करणार हाव, उदगीरच्या चौकात. अकरा लेकरं हायेत ना लाल शाईची? सर बोलले होते मागं. नावं पायजेत. फोटो आमी काढताव."

गुरम्माचा हात सुपातच थांबला. "कागद हाय का?"

"कसला कागद?"

"वरचा. सहीचा. कागदाबिगर न्हाई देता येत."

आप्पा हसले. "अगं, मी काय परका हाव? गावच्या भल्याचंच हाय की."

"भल्याचंच हाय. मग सांगा, दवाखान्यात खाटा किती लागतेत हे दाखवायचंय ना? अकरा लिवा. खाटंला नाव कशाला?"

आप्पांनी तिच्याकडं जरा नीट पाहिलं. मग खिशातून फोन काढून शेषेराव सरांना लावला. सर सासुरवाडीला, मुदखेडला होते. मागून जंक्शनवरच्या गाडीची शिट्टी ऐकू येत होती. आप्पांनी फोन गुरम्माच्या कानाला लावला.

"अव्वा, देऊन टाका," सर म्हणाले. "आप्पाच हायेत."

"सर, तुमीच मनलात, कागदाबिगर न्हाई. मग तसं लिवून द्या. गुरम्मानं वही द्यावी, खाली सही."

पलीकडं गाडी निघून जाईपर्यंत सर नुसतं हॅलो, हॅलो करत राहिले. शेवटी म्हणाले, "लिवून कसं देऊ? नियमात बसत न्हाई ते."

"मग मी कशी देऊ?"

"अव्वा, आवाज तुटलालाय," सर म्हणाले, आणि आवाज तुटला.

आप्पा उठले. रागावले नाहीत, रागवायची त्यांना सवयच नव्हती. फक्त म्हणाले, "टँकर उद्या येईल का न्हाई, सांगता येत न्हाई बाई. ड्रायव्हर बी कागद मागाया लागला तर?"

दुसऱ्या दिवशी टँकर शाळेकडं वळलाच नाही. टाकीत बादलीभर गाळ होता. गुरम्मा कोठीच्या उंबऱ्यावर बसली. समोर सत्तर लेकरं ताटं वाजवीत होती. त्यातल्या निम्म्यांचे आईबाप ऊसतोडीहून परत आले नव्हते. घरी चूल पेटायची ती संध्याकाळीच. एका पोरीचं नाव झाकायचं तर सत्तर पोटं उपाशी. हे माप तिच्याच्यानं बसेना. तिनं दोनदा चावी कनवटीतून काढली आणि दोनदा परत ठेवली. मग उठून ओरडली, "ऐका रे! आज जो घरून पेलाभर पाणी आणंल त्यालाच खिचडी."

लेकरं पांगली आणि परत आली. तांबे, बाटल्या, कुणी झाकण नसलेला डबा. येतायेता निम्मं सांडलेलं. सिंधूनं दोन पेले आणले आणि दोन खिचड्या मागितल्या. सगळ्यांत शेवटी आप्पांचा नातू पंचाक्षरी आला, दोन्ही हातांनी कळशी धरून, पोट पुढं काढून. घरच्या हौदातून भरलेली. "आईनं दिली," तो म्हणाला. आप्पांची सून नीलाबाई म्हणजे त्याची आई. गुरम्मानं कळशी गंजात ओतली आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी बोरतळाची खिचडी निम्मी आप्पांच्या पाण्यात शिजली.

तिसऱ्या दिवशी आप्पा पुन्हा आले. ह्यावेळी हातात कागद होता. समितीचाच, समितीच्या शिक्क्याचा, खाली आप्पांचीच सही.

"घे. लेखी."

गुरम्मानं कागद उलटा धरला, सुलटा धरला. "गोल शिक्का हाय, खरा. पण सिंव्हाचा न्हाई."

"गुरम्मा, लई ताणू नको. हे बग, अकराची बी गरज न्हाई. पाच-सहा दे. ती वाडीवरली, गरिबाघरची. फोटोत बी बरी दिसतेत, बघणाऱ्याला कीव येती. आपल्यातलं एखादं असलं तर ते गाळ. कशाला उगं चारचौघांत."

गुरम्मानं सूप खाली ठेवलं. तिचा हात आधी गळ्याशी गेला, शिवदोऱ्यावर, मग कनवटीला.

"आप्पा, खडे निवडत्यात, लेकरं निवडत न्हाईत. माझ्याकडं निवडून द्यायची रीत न्हाई. द्यायची म्हनलं तर अकराच्या अकरा. समद्या घरची. फोटोसकट, चौकात."

"समद्या घरची म्हंजे?"

"समद्या म्हंजे समद्या."

आप्पांनी उपरणं हालवायचं थांबवलं. वाऱ्यानं कडुलिंबाची पिकली पानं दोघांच्या मधी पाडली. नीलाबाई चार महिन्यांत तीन वेळा पोराला घेऊन उदगीरला जाऊन आली होती. पहिल्यांदा कपडे घ्यायला, दुसऱ्यांदा माहेरच्या लग्नाला, तिसऱ्यांदा का, ते आप्पांनी विचारलं नव्हतं.

"आमचा पंचू..." आप्पा म्हणाले आणि थांबले.

"मी कायबी बोलले न्हाई आप्पा."

"ते खरं हाय," आप्पा हळूच म्हणाले. "पण तू न्हाई बोलली ती कशी न्हाई बोलली, ते मी बघितलं ना."

पंचाक्षरीचं नाव त्या अकरांत होतं की नव्हतं, ते गुरम्मालाच माहीत. तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि मान खाली घातली. खोटं ती बोलली नव्हती, नावही घेतलं नव्हतं; पण मूठभर तरी सांडलंच, असं तिला वाटत राहिलं. ते तिला पुढं बरेच दिवस टोचत होतं. एका घराचं झाकायला दुसऱ्याच्या घरात शंकेचा दाणा टाकला.

आप्पांनी परवा नको म्हटलेला अर्धा पेला पाणी मागून घेतला, उभ्यानं प्यायले, आणि निघताना कागदाची घडी करून खिशात घातली. "अकरा लिवतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी टँकर शाळेकडं वळला.

पुढचं उदगीरच्या चौकानं पाहिलं. फ्लेक्सवाल्यानं फ्लेक्सचा आराखडा आधीच करून ठेवला होता. वर आडवं लिहिलेलं, 'ह्या निष्पाप आजारी बालकांना न्याय कधी?', खाली अकरा चौकोन. फोटो येईनात, मंत्री उद्यावर आले. त्यानं समितीला फोन केला की अकरा फोटो पाठवा. समितीचे सभासद सतरा. त्यांना आपला फोटो पाठवायला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. सतरातले अकरा आधी पोचले आणि छापून आले. चौकात फ्लेक्स लागला: ह्या निष्पाप आजारी बालकांना न्याय कधी, आणि खाली अकरा जण, कुणी गॉगल लावून, कुणी मिशीला पीळ देऊन, मधल्या चौकोनात अमृतरावआप्पा हात जोडून. राहिलेले सहा सभासद रुसले, त्यांनी समिती फोडून दुसरी काढली. मंत्री आलेच नाहीत, त्यांचा सचिव आला. त्यानं फ्लेक्सकडं पाहिलं, निवेदन घेतलं आणि विचारलं, "ह्यातल्या कुणाला तातडीनं हलवायचंय का?"

निवेदनात मात्र अकरा हा आकडा नीट बसला होता. जिल्हा झाला नाही.

तारामतीच्या थोरलीचं लग्न वैशाखातच उरकलं. मुरुडच्या पाव्हण्यांनी पाण्यावरून नाकं मुरडली, दुसरं काही विचारलं नाही. गुरम्मा वरमायांच्या ओळीत बसून जेवली. शेजारी बसलेल्या मुरुडच्या एका बाईनं सहज विचारलं, "तुमी शाळंत असता ना? धाकटी कशी हाय वो, धडधाकट हाय ना?"

"दोन पेले पाणी आणती आन् दोन खिचड्या खाती," गुरम्मा म्हणाली. एवढंच माप.

जूनच्या सुरुवातीला मुदखेडहून सरांचा फोन आला. "अव्वा, आरोग्याच्या वहीचे फोटो काढून पाठवायचेत. वरून मागितलंय. व्यंकट गुरुजी येतेत, कोठी उघडा."

"कागद?"

"कागद मागून येईल."

"मग गुरुजींला बी मागूनच पाठवा."

तिनं फोन पदरात गुंडाळून ठेवला. पंगत उठली होती. सिंधू मागच्या दारानं आली, हातावर बहिणीच्या लग्नातली मेंदी अजून फिकी टिकलेली. हळदीचा डबा उघडला, पिवळी गोळी, घोटभर पाणी.

"कडू हाय."

"पळ."

पोरगी पळाली. गुरम्मानं डब्याचं झाकण दाबून बसवलं, कोठी उघडली, पोत्याचं तोंड सोडलं आणि उद्याचे तांदूळ सुपात घ्यायला लागली. लाभ, दोन, तीन.